नंबर २ ब्राउनी : शंभर वर्षांचा डबा कॅमेरा आणि सारसबागेतले आठ फोटो

जुन्या बाजारात रविवारी लवकर गेलं की वस्तू दिसतात, दहानंतर फक्त माणसं दिसतात. मी साडेसातला पोचलो होतो. स्टोव्हचे बर्नर, पितळी कुलपं, एक पाय तुटलेला ट्रायपॉड आणि त्याखाली काळा चौकोनी डबा. बघणाऱ्याला तो जेवणाचा डबा वाटावा. विकणाऱ्यालाही तो काय आहे हे नीटसं ठाऊक नव्हतं. तीन हजार म्हणाला, बावीसशेला दिला. घरी येऊन मागची कडी उघडली. आत १२० नंबरची फिल्म वापरावी असं छापलेलं होतं, ते वाचलं आणि मी खुर्चीत बसलोच.

कारण १२० नंबरची फिल्म आजही मिळते. पुण्यात मिळते, मुंबईहून कुरिअरनेही येते.

हा ईस्टमन कोडॅक कंपनीचा ‘नंबर २ ब्राउनी’. नारायण पेठेत १९८३ ते २०१२ अशी एकोणतीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, बोर्डाच्या फॉर्मांचे फोटो, सगळं केलं. १२० ची फिल्म मी हजारोंनी धुतली असेल. पण ही फिल्म मुळात कोणत्या कॅमेऱ्यासाठी निघाली हे कधी डोक्यात आलं नव्हतं. ती याच कॅमेऱ्यासाठी निघाली, १९०१ साली. पुढे जर्मन आले, जपानी आले, आपल्याकडे घराघरात आग्फा क्लिक थ्री आला, सगळ्यांनी हीच फिल्म खाल्ली. मूळ पुरुष हा पुठ्ठ्याचा डबा.

पुठ्ठा म्हणजे खरंच पुठ्ठा. वरून काळं कापड, चामड्यासारखं दिसणारं. ॲल्युमिनियमची बॉडी १९२४ पासून आली, तेव्हा माझा डबा बहुधा त्याच्या आधीचा. शंभर वर्षांत कोपरे झिजलेत, एका बाजूचं कापड सुटलंय, पण उजेड कुठूनही आत शिरत नाही. हे मी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून तपासलं. पुण्याचे एवढे पावसाळे झेलूनही पुठ्ठा फुगलेला नाही. त्या काळी कारखान्यातून निघालेली इतकी स्वस्त वस्तू इतकी टिकावी, यासाठी मी त्याला पहिले पूर्ण मार्क देतो.

यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. एक साधी वाटोळी भिंग, तीही शटरच्या मागे लपलेली, त्यामुळे तिच्यावर ओरखडा नव्हता. शटर म्हणजे भोक पाडलेली एक चकती. खटका एकदा खाली दाबायचा, पुढच्या फोटोला वर. वेग अंदाजे सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा भाग. भिंगेपुढे तीन भोकांची पत्र्याची पट्टी, उन्हाप्रमाणे वर ओढायची. फोकस नावाची गोष्टच नाही. माणूस आठ-दहा फुटांवर उभा करा, बस्स. शटर थोडं जड चालत होतं, लायटरच्या पेट्रोलचा थेंब कापसाच्या काडीने लावला आणि ते मोकळं झालं.

फक्त व्ह्यूफाइंडरचे आरसे पार आंधळे झाले होते. यात दोन व्ह्यूफाइंडर असतात, एक उभ्या फोटोसाठी आणि एक आडव्या. पोटाशी डबा धरून वरून वाकून बघायचं. मागच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याने पातळ आरशाचे दोन तुकडे कापून दिले, नखाएवढे, आणि पैसे घेतले नाहीत. पुढची पट्टी अलगद उचकटून ते बसवले. आता त्या बोटभर काचेत अख्खी बाग दिसते, फक्त डावी-उजवी उलटी. बघणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. समोरच्याला वाटतं हा आपल्याला नमस्कार करतोय. डोळ्याला कॅमेरा लावला की लोक ताठ होतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. या डब्यासमोर ते तितके ताठ होत नाहीत, कारण फोटो काढणारा त्यांच्याकडे बघतच नसतो.

रोल भरायची पद्धत सांगतो, कारण पहिल्यांदा कुणालाही चुकेल. बाजूची चावी आधी बाहेर ओढायची, पूर्ण. मगच मागचं झाकण उघडून आतला सांगाडा ओढून काढता येतो. चावी न ओढता हिसका दिलात तर सांगाडा फाटेल, मग दुसरा आणायचा कुठून? सांगाड्याच्या पुढच्या बाजूला, भिंगेच्या अंगाला, दोन खाचा. एकीत नवा रोल, दुसरीत रिकामी रीळ. कागद मागून वळसा घालून रिकाम्या रिळाच्या फटीत खोवायचा, दोन वेढे द्यायचे आणि सांगाडा परत सरकवायचा. मागे एक लाल काचेची खिडकी आहे. चावी फिरवत राहिलं की तिच्यातून कागदावरचे आकडे दिसतात. ‘१’ आला की थांबायचं. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड कळत नसे, म्हणून लाल काच. आजच्या फिल्मला कळतो. तेव्हा खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि चावी फिरवतानाच, तीही सावलीत, उचला. हे मी आधी सांगतोय कारण कुणी सांगत नाही आणि आठ फोटोंवर लाल खिडकीचा पांढुरका डाग येतो.

पूर्वी या रोलवर सहा फोटो यायचे, आता आठ येतात, सव्वादोन बाय सव्वातीन इंचाचे. मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढणाऱ्याला आठ म्हणजे काहीच नाही. पण ज्या घरांसाठी हा कॅमेरा बनला, तिथे आयुष्यभरात दोन-तीन फोटो निघत असत आणि तेही स्टुडिओत.

जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक काढला १८८८ साली. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची फिल्म. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कारखान्याला पाठवायचा आणि धुणं-छपाईचे आणखी १० डॉलर. म्हणजे तो बंगलेवाल्यांचा कॅमेरा झाला. मग फेब्रुवारी १९०० मध्ये पहिली ब्राउनी आली, १ डॉलरला, आणि तिचा सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. पुढच्या वर्षी आलेला हा मोठा भाऊ २ डॉलरला. या दोन डॉलरची किंमत कळायला दुसरा आकडा हवा. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये रोजाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा देशभर खळबळ उडाली, कारण त्याआधी त्याच कारखान्यातल्या मजुराला ९ तासांचे सव्वादोन-अडीच डॉलर पडायचे. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत कॅमेरा. माझ्या लग्नाच्या वेळी, ऐंशीच्या दशकात, साध्या पगारदार माणसाला एका दिवसाच्या कमाईत कॅमेरा मिळेल हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ईस्टमनचं गणित फिल्म विकण्याचं होतं, हे उघड आहे. कॅमेरा स्वस्त, रोल जन्मभर. पुढे १९१५ साली न्यायालयाने कोडॅकला बाजार बळकावल्याबद्दल दोषीही धरलं. पण त्या गणितातून एक गोष्ट झाली ती मोठी आहे. ब्राउनी मुलांसाठी म्हणून विकली गेली. पामर कॉक्स नावाच्या चित्रकाराचे ‘ब्राउनी’ नावाचे बुटके त्या वेळी अमेरिकेतल्या पोरांना तोंडपाठ होते, त्यांची चित्रं खोक्यावर छापली. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ब्राउनी कॅमेरा क्लब काढला, स्पर्धा ठेवल्या. मुलाच्या हातात कॅमेरा गेला म्हणजे तो घरात गेला. स्वयंपाकघरात गेला, परसात गेला, जिथे स्टुडिओवाल्याला कधी कुणी बोलावलं नसतं.

त्या काळच्या अमेरिकी कुटुंबांच्या अल्बमांची पानं मी गेल्या काही महिन्यांत संग्रहालयांच्या वेबसाइटवर रात्र-रात्र बघितली. काळा कागद, त्यावर चिकटवलेले छोटे फोटो, खाली पांढऱ्या शाईने नावं. वाळूत लोळणारी पोरं. घरापुढच्या पायऱ्यांवर कलिंगड खाणारी आजी. नव्या गाडीला टेकून उभा जावई. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरला निघाली आणि १९२५ पर्यंत ३०० च्या खाली आली, तेव्हा विसाच्या दशकातल्या अल्बमात ती गाडी घरच्या माणसासारखी हजर असते. न्यूयॉर्कजवळचं कोनी आयलंड तर पानोपानी. तिथे १९०३ साली लुना पार्क नावाची करमणुकीची बाग उघडली, वर्षभरात तशीच दुसरी, ड्रीमलँड. विजेच्या दिव्यांनी उजळलेले मनोरे, झुले, आणि समुद्रात उभे राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले कारखान्यांतले मुलगे-मुली. त्यांच्यातले कितीतरी युरोपातून बोटीने नुकतेच आलेले. एकट्या १९०७ सालात न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवरून दहा लाखांवर माणसं त्या देशात शिरली. मागे राहिलेल्या आईला पाठवायला पत्रापेक्षा फोटो सोपा होता, कारण तो वाचावा लागत नाही.

पोस्टकार्डाच्या आकाराचे फोटो काढणारा वेगळा कॅमेराही कोडॅकने १९०३ साली आणला होता. फोटो थेट कार्डावर छापायचा, मागे तिकीट लावायचं, पेटीत टाकायचं. मार्च १९०७ पासून कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी मिळाली आणि पूर आला. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटींहून जास्त पोस्टकार्डं गेली. हे वाचल्यावर मला आजचं व्हॉट्सॲप वेगळं वाटेनासं झालं.

त्या फोटोंत लोक हसतात, ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. माझ्या स्टुडिओत मी माणसाला खुर्चीवर बसवत असे, हनुवटी दोन बोटांनी वर करत असे आणि म्हणत असे, ‘श्वास धरा, हलू नका.’ चांगला फोटो म्हणजे न हललेला फोटो, हे मला शिकवलेलं आणि मी इतरांना शिकवलेलं. लोक आमच्याकडे आयुष्यातला एक दिवस घेऊन येत. नवी पैठणी, सासूबाईंच्या पाटल्या. रोजचं जगणं दाराबाहेर ठेवून येत. तो फोटोही खरा होताच, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण माझ्या आईचा भाकरी थापतानाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. घरात कॅमेरे पाच होते.

आता बायकांकडे येतो. कोडॅकच्या जाहिरातीत फोटो काढणारी बाई असायची. ‘कोडॅक गर्ल’. १९१० पासून तिला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा मिळाला आणि तो जगभर ओळखीचा झाला. कंपनीला माल खपवायचा होता, मान्य. तरी ज्या देशात बाईला मताचा हक्क १९२० साली मिळाला, तिथे त्याच्या कितीतरी आधी यंत्र हातात घेऊन एकटी फिरणारी बाई भिंतीभिंतीवर लावलेली होती. आणि ती नुसती जाहिरातीत नव्हती. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेल्यांना उचलून घेणाऱ्या कार्पेथिया जहाजावर बर्निस पामर नावाची सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर प्रवास करत होती. तिच्याजवळ ब्राउनी होती. डेकवर ब्लँकेटं पांघरून उभी असलेली माणसं तिने टिपली, हिमनगही टिपला. बोट न्यूयॉर्कला लागल्यावर एका वृत्तचित्र कंपनीने ते फोटो तिच्याकडून १० डॉलरला घेतले. तिला त्यांचं मोल माहीत नव्हतं. आज ते फोटो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

माझी बायको स्टुडिओत माझ्याबरोबर एकोणतीस वर्षं होती. नोंदवही तिची. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करण्यात तिचा हात माझ्यापेक्षा बारीक; चेहऱ्यावरची देवीची वणं ती अशी भरायची की आईलाही सापडू नयेत. प्रिंट कापणं, पाकिटात भरणं, मागे तारीख घालणं, सगळं ती. फोटो मात्र कधी काढला नाही. गिऱ्हाइकाला चालणार नाही, असं मी म्हणत असे. गिऱ्हाइकाला एकदाही विचारलं नव्हतं.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, नाहीतर हा नुसता गोड गोड रिव्ह्यू होईल. फोटो स्वस्त झाला तेव्हा वाईटही स्वस्त झालं. कोडॅकच्याच रॉचेस्टर गावातल्या एका तरुणीचा फोटो एका कंपनीने तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला, पंचवीस हजार प्रती. ती न्यायालयात गेली आणि १९०२ साली हरली. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याला माणसाच्या चेहऱ्याच्या हक्काचा कायदा करावा लागला. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या शोकेसमध्ये लावलेली नवरी आठवली. १९९१ ची गोष्ट. तिचा भाऊ आला आणि फोटो काढून घ्या म्हणाला. मी वाद घातला होता, फोटो किती छान आलाय म्हणून. चूक माझी होती. विचारायला हवं होतं.

आणि त्याहून भयंकर. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना जमावाने मारून त्यांच्या प्रेतांचे फोटो पोस्टकार्डांवर छापून विकले गेले, बाजूला उभे असलेले लोक त्यात कॅमेऱ्याकडे बघतायत. १९१६ च्या मे महिन्यात टेक्ससच्या वेको गावात सतरा वर्षांच्या जेसी वॉशिंग्टनला असं जाळून मारलं. त्याचे तेच फोटो काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे लेखक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी आपल्या ‘द क्रायसिस’ मासिकात पुरावा म्हणून छापले आणि देशासमोर ठेवले. ज्यांनी मिरवायला काढले त्यांच्याच विरुद्ध ते उभे राहिले. काळ्या अल्बमातल्या कलिंगड खाणाऱ्या आजीशेजारी हेही त्या काळाचंच पान आहे. अल्बम बघताना मी ते उलटून पुढे गेलो नाही, इथेही जात नाही.

कॅमेऱ्याकडे परत.

पहिला रोल मी स्वतः भरला, ओंकारेश्वराच्या घाटावर आणि शनिवारवाड्यापाशी काढला आणि शहरातल्या एका लॅबला दिला. नाव लिहीत नाही. साडेचारशे रुपये आणि आठ दिवस. पाकीट उघडलं तर निगेटिव्ह बारा चौकोनी फोटो असल्यासारखी समान अंतरावर कापलेली. आठ फ्रेमपैकी सहांच्या मधून कात्री गेलेली. दिल्ली दरवाज्याचे खिळे एका तुकड्यात, दरवाजा दुसऱ्यात. मी काउंटरवर काही बोललो नाही. त्या मुलाने आयुष्यात सहा बाय नऊ सेंटिमीटरची फ्रेम पाहिली नसेल आणि त्याला शिकवणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही लॅबला द्याल तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा : सहा बाय नऊ, आठ फ्रेम, कापू नये.

दुसरा रोल मी हिच्या हातात दिला. जानेवारीतली सकाळ, साडेआठ, सारसबाग. हिरवळीवर दव होतं. कोथरूडहून हिची धाकटी बहीण नातवाला घेऊन आली होती. डबा हातात दिला तेव्हा ही म्हणाली, ‘अहो, बिघडला तर?’ मी म्हटलं, ‘अगं, पुठ्ठा आहे, बिघडण्यासारखं काय आहे त्यात.’ मग मी तळ्यातल्या गणपतीकडे निघून गेलो. मुद्दाम. जवळ उभा राहिलो असतो तर हनुवटी वर करा म्हणालो असतो.

रोल घरी धुतला. न्हाणीघरात खिडकीला काळा कागद, बाथटबऐवजी आपली बादली. फिल्म इलफर्डची एफपी-४, साडेआठशेची. डेव्हलपर डी-७६. पुण्याच्या नळाचं पाणी जानेवारीतही वीस अंशांवर थांबत नाही, म्हणून बादलीत बर्फ टाकून फिल्म धुवायची टाकी त्यात उभी ठेवली, वीस अंशाला साडेआठ मिनिटं. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, तो वास चौदा वर्षांनी घरात आला. अमेरिकेत ही कामं स्वयंपाकघरात चालायची. बेल्जमहून आलेल्या लिओ बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने व्हेलॉक्स नावाचा कागद काढला होता, तो गॅसच्या दिव्यावर छापता येई, डार्करूम लागत नसे. ईस्टमनने त्याची कंपनी १८९९ साली विकत घेतली. (याच बेकलंडने पुढे १९०७ मध्ये बेकेलाइट केलं, आपल्या जुन्या स्विचांचं काळं मटेरियल.) रात्री जेवणं उरकली की टेबलावर तीन ताटल्या मांडायच्या, निगेटिव्ह कागदाला चिकटवून दिव्याशी धरायची. एनलार्जर नाही, निगेटिव्हएवढाच फोटो. आम्हीही तसंच केलं. माळ्यावरच्या खोक्यात ब्रोमाइड कागदाचं एक सीलबंद पाकीट निघालं, जरा धुरकट झालेलं, पण चाललं.

आठपैकी पाच फोटो आले. एकावर दोनदा खटका दाबला गेलाय. चावी फिरवायची राहिली की तसं होतं, यात अडवणारी काही सोय नाही. हा या कॅमेऱ्याचा खरा दोष. एकात बहीण चार फुटांवर आली म्हणून धूसर. एक सावलीत काढला, तो काळाठिक्कर. सावलीत हा कॅमेरा हात टेकतो.

पाचांतला चौथा फोटो मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. मेहुणी नातवाला हाका मारायला वळलेली आहे. तोंड उघडं, एक हात हवेत, बोटांच्या जागी नुसती पांढरी फटकार. आंबाडा अर्धा सुटलाय. मागे झाडांची फांदी मऊ होऊन पसरलेली, कारण या भिंगेची धार मध्यावरच असते, कडांना ती सोडून देते. लहान पोरगा फ्रेमच्या कडेला, अर्धाच, पळत बाहेर चाललेला. माझ्या स्टुडिओतून हा फोटो मी गिऱ्हाइकाला दिला नसता. आणि खाली, हिरवळीवर, एक लांब सावली. मान खाली, दोन्ही कोपर अंगाशी, पोटाशी काहीतरी धरलेलं. पदराचं टोक वाऱ्याने उडालेलं, तेसुद्धा सावलीत दिसतं.

या कॅमेऱ्याला ऊन पाठीशी लागतं, म्हणून सकाळ-संध्याकाळी काढणाऱ्याची सावली फोटोत पडते. अमेरिकेतल्या त्या काळ्या अल्बमांत अशा सावल्या पुष्कळ आहेत. टोपीवाल्या बापाच्या, झगा घातलेल्या आईच्या, बुटक्या पोरांच्या. मी त्यांना तोवर चूक समजत होतो. आमच्या घरच्या सगळ्या अल्बमांत हिचे फोटो सत्तर-ऐंशी असतील, सगळे मी बसवलेले. ही सावली तिची तिने काढलेली आहे. ती म्हणाली, ‘सावली आलीय, कापून टाका हो.’ मी कापली नाही. तिने मग नेहमीसारखा फोटो उलटा केला आणि मागे पेन्सिलीने तारीख, जागा, बहिणीचं नाव, नातवाचं नाव लिहिलं. मी म्हटलं, काढणाऱ्याचं नाव पण घाल. थोडा वेळ पेन्सिल धरून बसली आणि घातलं.

घ्यायचा असेल तर इतकं बघा. लाल काच जागेवर हवी. आतला सांगाडा आणि चावी शाबूत हवी, बाकी काहीही दुरुस्त होतं. आत १२० लिहिलेलं आहे ना ते वाचून घ्या. ब्राउनीचे इतर बरेच नंबर आहेत आणि त्यांच्या फिल्म केव्हाच बंद झाल्या, ते शोभेला ठेवावे लागतील. अडीच-तीन हजारांच्या वर देऊ नका. रोल आणि धुणं धरून एका फोटोला दीडशेच्या आसपास पडतात, घरी धुतलंत तर कमी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खुशाल द्या, त्याच वयासाठी तो बनलाय. मुलाच्या आजीलाही द्या.

या रिव्ह्यूबरोबर कॅमेऱ्याचा फोटो टाकणार होतो, पण तो घरात नाही. तिसरा रोल भरून ही सकाळीच तो घेऊन बहिणीकडे कोथरूडला गेली आहे. निघताना लाल खिडकीत ‘३’ होता.